बाळाचे कापडी पुस्तक : बाळंतविड्यातील नवी घडी

बाळाच्या आगमनाची चाहूल लागली की मराठी घरांत शिवणकामाची लगबग सुरू होते. कुंची, झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी असा बाळंतविडा आजी, मावशी, आत्या यांच्या हातून तयार व्हावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. बाजारात तयार बाळंतविडा मिळू लागल्यावर ही रीत काहीशी मागे पडली. तरीही घरच्या हातांनी शिवलेली एखादी वस्तू बाळाजवळ असावी, ही हौस शहरांतही टिकून आहे. या हौसेला अलीकडच्या काळात एक नवी वाट मिळाली आहे, ती म्हणजे हाताने शिवलेले कापडी पुस्तक.

हे पुस्तक वाचण्यासाठी नसते, हाताळण्यासाठी असते. त्याच्या पानांवर खिसे असतात, उघडझाप करणाऱ्या झडपा असतात, लावायची आणि काढायची बटणे असतात. मूल पान उलटते, खिशातली वस्तू बाहेर काढते, पुन्हा आत ठेवते आणि त्या खटाटोपात त्याची बोटे तयार होतात. पुस्तक चघळले तरी फाटत नाही, आपटले तरी लागत नाही, मळले तर धुता येते. मात्र ते शिवताना घरोघर एक चूक होते. पान दिसायला सुंदर करण्याकडे लक्ष जाते आणि टाक्यांच्या मजबुतीकडे दुर्लक्ष होते. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या वस्तूत सौंदर्यापेक्षा टाका महत्त्वाचा, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात ठेवावी.

परंपरा आणि इतिहास

कापडाची पुस्तके ही अगदी आजची कल्पना नाही. लंडनमध्ये १९०३ साली स्थापन झालेल्या डीन्स रॅग बुक कंपनीने सुती कापडावर छापलेली, धुता येण्याजोगी मुलांची पुस्तके काढली. अमेरिकेत पुढे घरी शिवलेल्या कापडी पुस्तकांना 'क्वाएट बुक' हे नाव रूढ झाले. प्रार्थनेच्या वेळी किंवा प्रवासात मुलाने शांत बसावे, हा त्यामागील हेतू.

बटणे आणि बंद यांचा शिक्षणासाठी पद्धतशीर उपयोग केला तो मारिया माँटेसरी यांनी. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटीवर ताणलेल्या दोन कापडांचा समावेश होता. एका चौकटीला मोठी बटणे, दुसरीला हुक, तिसरीला नाड्या, चौथीला पट्टा. मुलाने स्वतःचे कपडे स्वतः घालावेत, त्यासाठी लागणारी प्रत्येक हालचाल वेगळी काढून शिकावी, अशी ही योजना. आजच्या कापडी पुस्तकातील बटणांचे पान हे याच चौकटीचे घडी घालता येण्याजोगे रूप होय.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरिबांच्या अंगणापर्यंत नेला. गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात अग्रभागी असलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. महागडी विदेशी साधने ग्रामीण बालवाडीला परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शंख-शिंपले, पाने, खडे, चिंध्या अशा परिसरातील वस्तूंमधून साधने उभी राहिली. साधनाची किंमत त्याच्या दुकानात नसून त्याच्या उपयोगात असते, हा धडा त्यातून मिळाला. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळ, खेळणी आणि स्थानिक साधने यांच्यावरच भर देण्यात आला आहे.

गोधडीचे नाते

मराठवाड्यातील शिवणाऱ्या हातांना या पुस्तकाचे तंत्र परके नाही. वाकळ किंवा गोधडी शिवताना जीर्ण लुगड्यांचे थर एकावर एक रचले जातात, वर धडसे कापड घातले जाते आणि धावदोऱ्याच्या ओळींनी सारे थर एकजीव केले जातात. फाटक्या जागी ठिगळ लावले जाते आणि पुष्कळदा ते ठिगळच नक्षी बनते. कापडी पुस्तकाचे पान म्हणजे हीच रचना लहान आकारात. वर-खाली कापड, मध्ये मऊ थर, पृष्ठभागावर ठिगळांनी बनवलेले चित्र. ज्या घरात आजीला गोधडी येते, त्या घरात पुस्तकाचे निम्मे काम आधीच शिकलेले असते.

या प्रदेशाचे कापडाशी असलेले नाते तर फार जुने आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून साधे कापड आणि मलमलीचे निरनिराळे प्रकार गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आढळतो. आज जिल्ह्यातील वृद्ध स्त्रियांच्या पेटीत इरकली लुगडी आणि खणांच्या चोळ्या सापडतात. त्यांचे काठ अजून घट्ट असतात. पुस्तकाच्या कडा बांधण्यासाठी याहून चांगली पट्टी बाजारात मिळणार नाही.

वय आणि बोटांची तयारी

पुस्तक कोणत्या वयाच्या मुलासाठी आहे, हे ठरवल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते. वर्ष ते दीड वर्ष या काळात वस्तू आत टाकणे आणि बाहेर काढणे यात मूल रंगून जाते. दीड ते दोन वर्षांत वेल्क्रो ओढून सोडवणे आणि चेनची मोठी मूठ धरून ओढणे जमते. दोन ते तीन वर्षांत मोठे बटण काढता येते. लावणे त्यानंतर येते, कारण काढणे नेहमीच लावण्याहून सोपे असते. चार ते पाच वर्षांत नाडी ओवणे आणि गाठ मारणे यांची तयारी होते. ही वये ढोबळ आहेत. प्रत्येक मूल आपल्या वेगाने जाते. त्यामुळे एकाच पुस्तकात सोपे ते अवघड असा क्रम ठेवला, तर ते तीन वर्षे पुरते.

या सगळ्याला आजच्या काळात आणखी एक संदर्भ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावी. मोबाइल काढून घेणे सोपे असते. त्याच्या जागी काय द्यायचे, हा प्रश्न उरतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवताना सगळी चित्रे सारख्याच गुळगुळीत स्पर्शाची असतात. कापडी पुस्तकात मात्र खण खडबडीत लागतो, फ्लॅनेल मऊ लागते आणि चेन ओढताना हाताला अडखळ जाणवते.

तेरखेड्याचे पुस्तक : एक नमुना

बाजारातील तयार कापडी पुस्तकांत सफरचंद, जिराफ, रंगीत मोटार अशी कोणत्याही देशात चालणारी चित्रे असतात. घरी शिवलेल्या पुस्तकाचा खरा लाभ असा, की त्यात त्या मुलाचे स्वतःचे जग येऊ शकते. शहरात वाढणाऱ्या नातवाला आजोळ ओळखीचे व्हावे, यासाठी तर हे साधन फार उपयोगी पडते. नमुन्यादाखल धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव घेता येईल. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. भोवती ज्वारीची शेते, दारात शेळ्या, समोरून अखंड धावणारी वाहने. या साऱ्यातून सहा पानांचे पुस्तक उभे राहते.

साहित्य

पानांसाठी नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे पाऊण मीटर मांजरपाट किंवा जाड सुती कापड पुरते. आतील थरासाठी जुने फ्लॅनेल, दुपटे किंवा मऊ झालेली चादर चालते. चित्रांसाठी घरातील सुती तुकडे, खण, इरकलीचे काठ, शिंप्याकडील कातरणे गोळा करावीत. फेल्टच्या कडा निघत नाहीत, म्हणून ते सोयीचे वाटते; पण चघळणाऱ्या मुलाच्या दातांनी त्याचे तंतू सुटतात. दोन वर्षांपर्यंत ते टाळलेलेच बरे. याशिवाय वेल्क्रो, मजबूत शिलाईचा दोरा, कशिद्याचा दोरा, जाड सुई, अंगुस्तान, खडू, मोजपट्टी आणि कात्री लागते.

सर्व कापड प्रथम गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी न भिजवलेल्या कापडाचे पान पुढे धुतल्यावर आक्रसते. खण आणि इरकलीचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. रंग उतरत असेल, तर तो तुकडा मुलाच्या तोंडात जाणाऱ्या पुस्तकात वापरू नये.

मापे आणि पानांचा क्रम

तयार पान २० सेंटिमीटर चौरस ठेवावे. समोरासमोरची दोन पाने आणि मधली दोन सेंटिमीटरची पाठ मिळून एक जोडपान ४२ सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर उंच होते. चारही बाजूंना एक-एक सेंटिमीटर शिलाईसाठी धरून ४४ बाय २२ सेंटिमीटरचे चार तुकडे कापावेत. आतील थराचे ४२ बाय २० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्यावेत. दोन कापडांमध्ये एक थर याप्रमाणे दोन जोडपाने होतात. ती एकात एक ठेवून मधोमध शिवली की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आतली सहा पाने असे आठ बाजूंचे पुस्तक मिळते.

बहुतेकांची फसगत येथेच होते. चित्रे पान जोडण्यापूर्वी शिवायची असतात आणि कोणती बाजू शेवटी कुठे येणार, हे सुट्या कापडावर लक्षात येत नाही. बाहेरच्या जोडपानाच्या बाहेरील बाजूस उजवीकडे मुखपृष्ठ आणि डावीकडे मलपृष्ठ येते. त्याच जोडपानाच्या आतील बाजूस डावीकडे पहिले पान आणि उजवीकडे सहावे पान येते. आतल्या जोडपानाच्या बाहेरील बाजूस उजवीकडे दुसरे आणि डावीकडे पाचवे. तर आतील बाजूस डावीकडे तिसरे आणि उजवीकडे चौथे. म्हणून प्रथम दोन कागद एकात एक दुमडून, त्यांवर आकडे घालून नमुना करावा आणि तो सुटा करून कापडाशेजारी ठेवावा. पाच मिनिटांच्या या कामाने दोन दिवसांचे उसवणे वाचते.

सहा पाने

पहिले पान शेळीचे. उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी आणि लोंबत्या कानांची असते. काळ्या सुती कापडाचे अंग कापून कडा आत दुमडाव्यात आणि काजटाक्याने पानावर बसवावे. कान मात्र दुहेरी कापडाचे शिवून फक्त वरच्या टोकाला घट्ट टाचावेत. बाळ कान उचलून पाहते. कानाखाली रंगीत खणाचा तुकडा लावला, तर प्रत्येक वेळी ते नव्याने हसते. डोळा मण्याचा किंवा बटणाचा न करता दोऱ्याच्या भरीव टाक्यांनी भरावा.

दुसरे पान ज्वारीचे. पानाच्या खालच्या भागात हिरव्या कापडाचे तीन उभे खिसे करावेत. पाच सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब अशी तीन कणसे फिकट पिवळ्या कापडाची दुहेरी शिवून त्यांत थोडा कापूस भरावा. दाण्यांसाठी दोऱ्याचे गाठीचे टाके घालावेत. खरे दाणे भरू नयेत, कारण शिवण उसवल्यास ते नाकात-कानात जातात आणि ओल लागल्यास किडतात किंवा कुजतात. प्रत्येक कणीस पंधरा सेंटिमीटरच्या फितीने खिशाच्या तळाशी बांधलेले असावे. कणीस काढणे, ठेवणे, एक-दोन-तीन मोजणे हा या पानाचा खेळ. मूल मोठे झाले की पेरणी, हुरडा आणि खळे यांच्या गोष्टी याच पानावर सांगता येतात.

तिसरे आणि चौथे पान महामार्गाचे. ही दोन पाने एकाच कापडावर शेजारी येत असल्याने राखाडी कापडाचा रस्ता पाठीवरून सलग नेता येतो. रस्त्यावर तुळजापूर, येडशी, तेरखेडा आणि बीड असे चार थांबे करावेत आणि प्रत्येक ठिकाणी वेल्क्रोचा मऊ तुकडा शिवावा. लाल कापडाची, आठ-दहा सेंटिमीटर लांबीची एसटी शिवून तिच्या पाठीमागे वेल्क्रोचा खरखरीत तुकडा लावावा. मूल गाडी सोडवते आणि पुढच्या थांब्याला लावते. थांब्यांची नावे साखळी टाक्याने मोठ्या अक्षरांत काढली, तर मुलाला अक्षरांची ओळख अशीच, गावांच्या नावांतून होऊ लागते. गाडीची चाके सुटी नसावीत. ती गाडीवरच कापडाची गोल ठिगळे लावून करावीत.

पाचवे पान फटाक्याचे. तेरखेड्याच्या पुस्तकात ते टाळता येणार नाही. मात्र ते विचारपूर्वक करावे. पानाच्या मध्यभागी शंकूच्या आकाराचे झाड, म्हणजे अनार, शिवावे. त्याच्यावर वरच्या कडेने टाचलेली झडप ठेवावी आणि झडपेखाली लाल, पिवळ्या, केशरी कापडाच्या ठिणग्या बसवाव्यात. झडपेच्या तोंडावर वेल्क्रोने कापडी बादली चिकटलेली असावी. ती काढल्याशिवाय झडप उघडत नाही आणि काढलेल्या बादलीची जागा अनाराशेजारी आखलेली असते. आधी पाण्याची बादली, मग आतषबाजी हा क्रम पानाच्या रचनेतच येतो. दारूकामातील जोखीम फटाक्यांच्या गावाला सांगावी लागत नाही. शहरातल्या मुलाला मात्र दिवाळीत पहिली फुलबाजी हातात येण्यापूर्वी हा क्रम बोटांना माहीत असलेला चांगला. हे पान उलटताना अंगाबरोबर बसणारे सुती कपडे, पायांत चप्पल आणि जवळ मोठे माणूस या गोष्टीही सांगाव्यात. कृत्रिम धाग्याचे कापड आगीत वितळून कातडीला चिकटते, म्हणून दिवाळीच्या अंगणात सुती कपडाच घालावा.

सहावे पान कपड्यांचे आणि सर्वांत अवघड. पानावर छोट्या बंडीचे दोन पल्ले शिवावेत. त्यांना वरच्या बाजूस कापडी घुंडी आणि फासा लावावा. घुंडी ही आपल्या जुन्या बंड्यांची ठेव आहे. कापडाची बारीक गुंडाळी करून तिची घट्ट गाठ बांधतात. तिला फुटण्याची भीती नाही. मध्ये मोठे काज आणि त्याच्यासमोर बटणाची जागा मोकळी ठेवावी. मूल तीन वर्षांचे झाल्यावर तेथे मोठे बटण शिवावे. खाली नेफा करून त्यातून नाडी ओवावी. नाडी मध्यभागी टाक्याने पक्की करावी, म्हणजे ती ओढून निघत नाही, आणि तिची दोन्ही मोकळी टोके आखूड ठेवावीत.

मुखपृष्ठावर मुलाचे नाव असावे. नावाची अक्षरे वेगवेगळ्या घरच्या कपड्यांतून कापली, तर ते पुस्तक कुटुंबाची वंशावळही होते. एक अक्षर आजीच्या लुगड्याचे, एक आजोबांच्या सदऱ्याचे, एक आईच्या शाळेच्या फ्रॉकचे. मलपृष्ठावर रुंद पट्टीची मूठ शिवली की मूल पुस्तक स्वतः उचलून नेते.

जोडणी आणि शिलाई

चित्रे पूर्ण झाल्यावर एका जोडपानाचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत येतील असे समोरासमोर ठेवावेत. आतला थर एका तुकड्याच्या उलट बाजूवर कच्च्या टाक्याने टाचून घ्यावा. कडेपासून एक सेंटिमीटरवर चारी बाजूंनी टीप मारावी. खालच्या बाजूस दहा सेंटिमीटर जागा उघडी ठेवावी. कोपरे तिरके छाटून पान उलटवावे, कोपरे बोथट काडीने बाहेर काढावेत, उघडी जागा आत दुमडून तुरपावी आणि कडेला अर्ध्या सेंटिमीटरवर पुन्हा एक टीप फिरवावी. कडांना इरकलीचा काठ लावायचा असल्यास तो या वेळी पट्टीसारखा दुमडून शिवावा.

दोन्ही जोडपाने तयार झाली की कागदी नमुना पाहून एकावर एक ठेवावीत आणि पाठीच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकमेकांपासून एक सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर टिपा माराव्यात. सर्व थर मिळून कापड बरेच जाड होते. घरगुती यंत्र अडखळत असेल, तर जाड सुई आणि अंगुस्तान घेऊन दुहेरी दोऱ्याने हातानेच उलटी टीप घालावी. पाठ सुटली की सारे पुस्तक सुटते. हातशिलाईचा वेळ येथे वाचवू नये.

सुरक्षितता

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी कसोटी वापरली जाते. खेळण्यापासून सुटणारा कोणताही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात पूर्ण मावत असेल, तर तो गिळला जाऊन किंवा श्वासनलिकेत अडकून मूल गुदमरण्याचा धोका मानला जातो. घरी एवढे मोजणे कठीण असल्यास सोपा नियम पाळावा. पुस्तकातील सुटणारी प्रत्येक वस्तू पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असावी आणि मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू, लहान बटणे यांना तीन वर्षांपर्यंत स्थान नसावे. देखणे पुस्तक करण्याच्या भरात नेमक्या याच वस्तू लावल्या जातात.

फिती, नाड्या व दोऱ्या यांची मोकळी लांबी वीस सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावी, जेणेकरून त्या गळ्याभोवती गुंडाळल्या जाणार नाहीत. लोहचुंबक वापरू नये. पोटात गेलेली दोन चुंबके आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे खेचली जातात आणि आतड्याला भोक पडू शकते. आवाजासाठी प्लॅस्टिकचा कागद पानात घालण्याची पद्धत आहे. तो घालायचाच असल्यास चारी बाजूंनी दुहेरी शिलाईत बंद असावा. गाणी वाजवणारे यंत्र आणि त्यातील गोल बटणसेल यांना तर मुळीच थारा देऊ नये. टाचण्या आणि सुया सुरुवातीला मोजून घ्याव्यात आणि पुस्तक पूर्ण झाल्यावर पुन्हा मोजाव्यात.

शेवटची परीक्षा हाताने घ्यावी. शेळीचा कान, कणसाची फीत, घुंडी, वेल्क्रोचा प्रत्येक तुकडा मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी जोर लावून ओढावा. खेळण्यांच्या प्रयोगशाळेत हा ताण साधारण नऊ किलो वजनाइतका असतो. जे सुटते, ते मुलाच्या हाती जाण्यापूर्वी सुटलेले बरे. ही परीक्षा एकदाच करून भागत नाही. प्रत्येक धुण्यानंतर ती पुन्हा करावी.

निगा आणि विक्री

पुस्तक साध्या साबणाने कोमट पाण्यात हाताने धुवावे. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि पाने उघडी ठेवून उन्हात वाळवावे. वरून कोरडे लागले तरी आतला थर ओला राहतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. म्हणून शक्य तर उन्हाच्या दिवशीच धुणे काढावे.

घरगुती पुस्तक आपल्या मुलाला किंवा भाचरांना भेट देणे वेगळे आणि त्याची विक्री करणे वेगळे. महिला बचत गटांना हा व्यवसाय करण्याजोगा वाटतो. मात्र चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला असून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक ठरले आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली आहे. विक्रीचा विचार करणाऱ्यांनी आधी या नोंदणीची चौकशी करावी.

एका पुस्तकासाठी फावल्या वेळातील दोन-तीन आठवडे सहज लागतात. त्यामुळे सारी पाने एकदम करण्याचा आग्रह नसावा. प्रथम आतल्या बाजूचे महामार्गाचे जोडपान करावे. मूल त्याच्याशी खेळताना काय ओढते, काय चावते, कशाकडे पुन्हा वळते, हे पाहावे आणि मग बाहेरचे जोडपान शिवावे. कुंची वर्षभरात आखूड होते, झबली धाकट्याकडे जातात. कापडी पुस्तक मात्र मुलाबरोबर वाढते. पहिल्या वर्षी तो शेळीचा कान ओढतो, चौथ्या वर्षी नाडीची गाठ मारतो आणि एक दिवस तेरखेड्याच्या थांब्यावरचे नाव बोट ठेवून वाचतो. तोवर टाके शाबूत राहिले पाहिजेत.